साका प्रत्येक आंब्यात होत नाही

राजापूर तालुक्यातील नाटे बंदरावर जाळी ओढणाऱ्या एखाद्याच्या कोपरा-गुडघ्यावर लाल चट्टे आणि चंदेरी खपल्या दिसल्या, की शेजारचा हळूच सरकून बसतो. कुणी नायटा म्हणतो, कुणी महारोग. पुढे घरात स्थळ आले की हीच कुजबुज पाहुण्यांच्या कानी जाते. "बापाला आहे, म्हणजे पोरीला होणारच!" झाले, सोयरिक मोडली.

हे चट्टे सोरायसिसचे असतील, तर तो स्पर्शाने लागत नाही. एका ताटात जेवा, एका होडीत बसा, काही होत नाही. आपल्या अंगातले रोगाशी लढणारे राखणदार इथे बिथरतात. एरवी महिनाभरात नवी होणारी कातडी मग चार-पाच दिवसांत नवी होऊ लागते आणि खपल्या साचतात.

वारशाने येतो का? येतो, पण सातबाऱ्यावर वारसाचे नाव चढते तसा नव्हे. माणसाच्या सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाची जनुके असतात. आपला कोण, परका कोण, हे ती राखणदारांना दाखवतात. त्यातला 'एचएलए-सी ०६:०२' हा प्रकार सोरायसिसशी सर्वांत जवळून जोडलेला आहे. मुंबईतील रुग्णांच्या एचएलए जनुकांवरचा अभ्यासही २०११ साली प्रसिद्ध झाला. धोका थोडाथोडा वाढवणाऱ्या इतर जागा साठाहून जास्त सापडल्या आहेत.

पण हा प्रकार अंगात असलेल्या बहुतेकांना रोग होतच नाही. अगदी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांतही पुष्कळदा एकालाच होतो. आई-बाप दोघांनाही असेल तर शक्यता बरीच वाढते, हे मात्र खरे. बागायतदाराला हे वेगळे सांगायला नको. साका होण्याचा कल हापूसच्या जातीतच आहे, म्हणून काय पेटीतला प्रत्येक आंबा साक्याचा निघतो? वरून उष्णता लागते तेव्हा तो होतो.

इथे ती उष्णता म्हणजे घसा सुजणे, दारू, विडी-सिगारेट, मनाचा ताण, काही औषधे. दोरीने सोललेल्या किंवा काजूच्या टरफलाच्या तेलाने भाजलेल्या जागीही चट्टा उठतो.

खोबरेल किंवा कोकमाचे तेल लावून कातडी मऊ राहते, ते जरूर लावावे. मेडिकलमधून मागून आणलेले स्टिरॉइडचे मलम मात्र नको, आणि स्टिरॉइडच्या गोळ्या तर मनाने सुरू किंवा बंद करूच नयेत. एकदम थांबवल्या की रोग उसळतो, अंगभर पू भरलेले फोड येतात. समूळ बरा करणारे औषध आज नाही, पण आटोक्यात ठेवणारी आहेत. २०१३ साली बंगळूरच्या कंपनीचे इटोलिझुमॅब हे इंजेक्शनही आले. ते महाग, आणि सगळ्यांना लागत नाही.

सरपंच, पोलीस पाटील, आशाताई यांनी एवढे पाहावे : चट्टा सुन्न असेल तर कुष्ठरोगाची तपासणी आधी, तीही सरकारी दवाखान्यात फुकट होते. आणि खपल्यांबरोबर सकाळी बोटे आखडत असतील, सांधे सुजत असतील, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगावे. तो सोरायसिसचाच संधिवात असू शकतो, उशीर झाला तर बोटे वाकडी होतात.