तो ऑडिओ ग्रुपवर नको, डॉक्टरांना पाठवा!

रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. समोरच्या बर्थवरचे काका सोलापूर सुटल्यापासून घोरतायत. तुम्ही गुपचूप ऑडिओ रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकता, हशा पिकतो. पण मध्येच घोरणं बंद पडतं. दहा सेकंद, पंधरा सेकंद... आणि मग एकदम गुदमरल्यासारखा मोठा श्वास. कुर्डुवाडी गेलं तरी हेच चालू.

दोस्तांनो, जोक इथेच संपतो. या शांततेमागे ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया’ असू शकतो.

झोपेत जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत श्वासाची वाटच बंद होते. ऑक्सिजन घटला की मेंदू दचकून उठवतो. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. उरते ती डोकेदुखी आणि दिवसभराची पेंग. दुर्लक्ष केलं तर बीपी आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं.

नेहमीचा उपाय म्हणजे सीपॅप. मास्कमधून दाबानं हवा सोडून घसा उघडा ठेवायचा. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली. पण रात्रभर मास्क लावून झोपणं अनेकांना जमत नाही.

मग? चक्क करंट! छातीत, गळ्याच्या हाडाखाली पेसमेकरसारखं यंत्र बसवतात. श्वासाच्या तालावर ते जिभेच्या नसेला हलका करंट देतं आणि जीभ पुढे सरकते. झोपताना रिमोटनं ऑन, उठल्यावर ऑफ. अमेरिकेत २०१४ मध्ये याला मंजुरी मिळाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या १२६ रुग्णांच्या अभ्यासात, तासाला साधारण २९ वेळा अडणारा श्वास वर्षभरानं ९ वेळांवर आला. सौम्य त्रासासाठी तर ऑपरेशनही नको: दिवसा २० मिनिटं जिभेवर धरायचं उपकरण तिथं २०२१ मध्ये आलं.

अर्थात, छातीतलं यंत्र सरसकट सगळ्यांसाठी नाही. मास्क सोसत नाही अशा निवडक रुग्णांसाठीच ते आहे. पहिली पायरी म्हणजे झोपेची तपासणी, स्लीप स्टडी.

म्हणून या सुट्टीत घरी गेलात की बाबांचं घोरणं नीट ऐका. मध्येच थांबतं का? रेकॉर्ड जरूर करा. फक्त या वेळी ऐकवा डॉक्टरांना. आणि रूममेट तुमच्याबद्दल हीच तक्रार करत असेल, तर चिडू नका. त्याला थँक्यू म्हणा!