हिमखिंडीतील श्वान आणि आपला उन्हाळा

अंगणात एखादा धिप्पाड विलायती श्वान असावा, अशी हौस कोणासही वाटेल. अशा श्वानांत संत बर्नार्डच्या नावाची जात सर्वपरिचित आहे. इटलीच्या सीमेलगत, स्वित्झर्लंडमधील सुमारे २,४७० मीटर उंचीच्या खिंडीत अकराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी वाटसरूंसाठी आश्रयगृह स्थापिले. सतराव्या शतकापासून तेथील संन्याशांनी हे श्वान पाळले. पुढे ते हिमात सापडलेल्यांचा माग काढू लागले. १८१४ साली निवर्तलेल्या ‘बॅरी’ने चाळीसांहून अधिक जीव वाचविले, असे सांगतात.

सत्तर-ऐंशी किलो वजनाचा हा प्राणी स्वभावाने शांत व मुलांविषयी ममताळू असतो. परंतु हिमात त्याला तारणारे दाट केस आमच्या आदिलाबादच्या वैशाखात त्याचे वैरी होतात. श्वानाला आपल्यासारखा घाम येत नाही; धापा टाकूनच तो अंगातील उष्णता बाहेर टाकतो. पारा ४५ अंशांकडे झुकला की त्याचा प्राण जाण्यास एक दुपार पुरते.

तरीही कोणाकडे असा श्वान असल्यास त्यास गार सावली व मुबलक पाणी द्यावे, उन्हात फिरवू नये. अन्न दोन-तीन वेळा विभागून द्यावे व त्यानंतर पळवू नये. अन्यथा पोट फुगून पिळले जाते व प्राणावर बेतते.

ज्या जातीने वाटसरूंवर दया केली, तिला हौसेपायी तळमळत ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. राखणीस आपला गावठी कुत्राच बरा. त्याला पोटभर अन्न आणि दरवर्षी रेबीजची लस द्यावी.