उंदीर चोराची दुसरी बाजू

एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, १८३२ साली जिरोकिची नावाचा चोर पकडला गेला आणि त्याच वर्षी त्याचं मुंडकं उडवण्यात आलं. सरदारांच्या शंभराच्या आसपास वाड्यांत हात मारल्याची कबुली त्याने दिली होती. उंदरासारखा चाहूल न लागू देता आत शिरायचा, म्हणून तो ‘नेझुमी कोझो’. चोरलेला पैसा मात्र सापडला नाही. बहुधा जुगारात उडाला. पण लोकांनी ठरवून टाकलं, गोरगरिबांना वाटला असणार! १८५७ मध्ये मोकुआमी या नाटककाराने त्याच्यावर काबुकी नाटक लिहिलं आणि चोराचा दाता व्हायला वेळ लागला नाही.

१९३१ साली दिग्दर्शक इतो दाइसुके यांनी निक्कात्सु कंपनीसाठी याच चोरावर मूकपट काढला, ‘ओआत्सुराए जिरोकिची कोशी’. कथा योशिकावा एइजी यांची. यातला जिरोकिची एदोतून निसटून ओसाकाच्या बाजूला आला आहे. नावेत त्याला ओसेन भेटते. सख्खा भाऊच तिच्या जिवावर जगणारा. पुढे भेटते ओकिनो, हलाखीत दिवस काढणारी सामुराईची मुलगी. तिच्या घराची ही दैना आपल्याच एका चोरीमुळे झाली, हे त्याला कळतं. वाडा धन्याचा लुटला, पण भोगलं ते चाकराने. दंतकथेने सोयीस्करपणे विसरलेली ही गोष्ट इतोंनी चित्रपटाच्या मध्यभागी आणून ठेवली, आणि म्हणूनच तो आजही शिळा वाटत नाही.

या दोन स्त्रिया साकारल्या आहेत फुशिमी नाओए आणि नोबुको या सख्ख्या बहिणींनी. जिरोकिची झालेत ओकोची देन्जिरो, त्या काळचे तलवारबाजीचे मोठे नट. इतोंचा कॅमेरा एका जागी ठरत नसे. त्यावरून त्यांच्या नावाचाच गमतीदार अपभ्रंश झाला, ‘इदो दाइसुकी’: हलण्याची भारी हौस!

इतोंचे बहुतेक मूकपट नष्ट झाले. हा जवळजवळ पूर्ण हाती लागतो, हे आपलं भाग्यच.

जपानमध्ये मूकपट कधीच मुका नव्हता. पडद्याशेजारी बसलेला ‘बेन्शी’ सगळ्या पात्रांचे संवाद बोलायचा, प्रसंग रंगवून सांगायचा. लोक नटांइतकेच बेन्शीचं नाव पाहून तिकीट काढत. मात्सुदा शुन्सुइ यांनी ही कला जपली, जुने चित्रपट शोधून जमवले. त्यांच्या शिष्या सावातो मिदोरी यांनी ती पुढे चालवली. जिरोकिची पाहायचा तर बेन्शीच्या आवाजासकट पाहावा. नुसत्या पाट्या वाचून तो निम्मासुद्धा पोहोचत नाही.