विंचवाचा दंश आणि हातांतील पाठशाळा

समजा, कार्तिक महिन्यांतील एक संध्याकाळ आहे. पोलादपूर तालुक्यांतील डोंगरउतारावरच्या एका वाडींत भाताचा पेंढा रचण्याचें काम चाललें आहे. आठ वर्षांचा एक मुलगा पेंढी उचलतो आणि किंकाळी फोडतो. त्याच्या बोटाला लाल विंचवानें दंश केलेला असतो. थोड्याच वेळांत मुलाला दोनदां उलटी होते, अंग घामानें भिजतें, तोंडांतून लाळ गळूं लागते. बोटाचें दुखणें मात्र कमी झाल्यासारखें वाटतें, आणि घरचीं माणसें म्हणतात, "उतरलें वाटतें." तरीहि रस्ता गांठून तीं त्याला सरकारी आरोग्य केंद्रांत आणतात. तेथें एक तरुण डॉक्टर आहे. परीक्षा उत्तीर्ण होऊन त्याला वर्षहि झालेलें नाहीं. त्यानें आतां काय करावें?

श्रोतेहो, हा मुलगा माझ्या कल्पनेंतला आहे. परंतु त्याच्यासारखीं मुलें महाड-पोलादपूरच्या मुलुखांत खरोखर होऊन गेलीं आहेत, आणि त्यांतलीं कित्येक दगावलींहि आहेत. अशा रोग्याची गांठ पडण्यापूर्वींच वैद्यकाच्या विद्यार्थ्याला त्याची ओळख कशी करून द्यावी, आणि आपल्या खिशांतल्या मोबाइलचा त्या कामीं कितपत उपयोग होईल, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

पुस्तकांत रोगाचें नांव आधीं येतें व लक्षणें मागून येतात. रोगी येतो तो याच्या नेमका उलट. तो लक्षणें घेऊन येतो. नांव शोधावयाचें असतें डॉक्टरानें. म्हणून एकेका रोग्याची हकीकत पुढें ठेवून शिकविण्याची रीत वैद्यकांत फार मोलाची मानली गेली आहे. भारतांत २०१९ पासून लागू झालेल्या एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमानें तर पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्याचा रोग्याशीं परिचय व्हावा असें ठरविलें आहे.

रोग्यापासून शिकणें म्हणजे काय, याचें उत्तम उदाहरण याच मुलुखांत घडलें. १९७६ सालीं डॉ. हिंमतराव बावस्कर हे महाड तालुक्यांतील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. विंचूदंशानें मृत्यु कसा ओढवतो, याचा समाधानकारक खुलासा त्या वेळच्या पाठ्यपुस्तकांत मिळत नव्हता. त्यांनीं खाटेजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची बारकाईनें नोंद ठेवली. तीं निरीक्षणें लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकांत प्रसिद्ध झालीं. पुढें पोलादपूरच्या रुग्णालयांत काम करीत असतां त्यांनीं रक्तदाबावरचें प्राझोसिन हें औषध या रोग्यांना देऊन पाहिलें, आणि त्याचा अनुभव १९८६ सालीं त्याच नियतकालिकांत मांडला. गंभीर दंशाच्या १०० रोग्यांपैकीं पूर्वीं सुमारें ३० दगावत. या उपचारानंतर तें प्रमाण ४ हूनहि खालीं आलें. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री हा किताब देण्यांत आला.

हें औषध कां लागू पडलें, तें पाहूं. लाल विंचवाचें विष मज्जातंतूंवरील सोडियमचीं दारें उघडीं धरून ठेवतें. त्यामुळें मज्जातंतु अनावर चेतावतात. प्रथम उलटी, घाम व लाळ सुटते. मग ॲड्रेनॅलिनचा लोंढा रक्तांत उतरतो. त्यानें रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो आणि हातपाय गार पडतात. अरुंद झालेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलतां ढकलतां हृदय थकतें, फुफ्फुसांत पाणी सांचतें व रोगी गुदमरतो. प्राझोसिन आवळलेल्या वाहिन्या सैल करतें, म्हणजे हृदयावरचा भार उतरवितें. विषावरचें प्रतिविषहि आतां उपलब्ध आहे. दोन्ही एकत्र दिल्यास रोगी लवकर सांवरतो, असें महाड येथेंच झालेल्या व २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चाचणींत दिसून आलें.

आतां हीच हकीकत मोबाइलवर कशी शिकवितां येईल? सारा मजकूर एकदम वाचावयास दिला, तर तें लहान अक्षरांतलें पुस्तकच झालें. खुबी आहे ती टप्प्याटप्प्यानें सांगण्यांत. पहिल्या टप्प्यावर विद्यार्थ्याला एवढेंच कळावें, कीं मुलाला उलट्या होत आहेत, घाम सुटला आहे आणि दुखणें कमी आहे. येथें प्रश्न: हें शुभ चिन्ह मानावें काय? विद्यार्थ्यानें उत्तर लिहिल्यावांचून पुढचें पान उघडूं नये. उघडल्यावर त्याला कळतें, कीं बोट ठणकत असून बाकी कांहीं नसलेला रोगी बहुधा सुरक्षित असतो. दुखणें थोडें, पण उलटी आणि घाम फार, हीच धोक्याची खूण. दुसऱ्या टप्प्यावर रक्तदाबाचा आंकडा व हृदयाचे ठोके येतात, आणि औषध निवडावयाचें असतें. तिसऱ्या टप्प्यावर, औषध दिल्यावर थोड्या वेळानें, मुलगा म्हणतो, "मला लघवीला जायचं आहे." त्याला उठूं द्यावें काय? घाईनें 'होय' म्हणणाऱ्याला पुढच्या पानावर मुलगा भोंवळ येऊन पडलेला दिसतो; कारण या औषधानें उभें राहतांच रक्तदाब एकदम उतरूं शकतो. ही चूक येथें झाली तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं, आणि एकदां झालेली चूक मनुष्य सहसा विसरत नाहीं.

अशा पाठाला मोठें यंत्र लागत नाहीं. कांहीं पानांचा मजकूर व एकदोन चित्रें एकदां उतरवून घेतलीं, कीं सह्याद्रीच्या खोऱ्यांत जेथें संपर्क तुटतो तेथेंहि तीं वाचतां येतात. रात्रपाळीच्या विद्यार्थ्याला अर्धा तास सांपडला, तर तेवढ्यांत एक रोगी 'तपासून' होतो.

परंतु दोन गोष्टींची सावधगिरी पाहिजे. पहिली रोग्याच्या अब्रूची. शहरांत चेहरा झांकला म्हणजे ओळख लपते. पंचवीस घरांच्या वाडींत मात्र वय, दिवस आणि चावल्याची जागा एवढ्यावरूनहि सर्वांना कळतें, कीं हा अमक्याचा मुलगा. म्हणून आईबापांची संमति घ्यावी, ओळखीच्या खुणा बदलाव्या, आणि खाटेवरच्या रोग्याचें छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून हातोहात फिरवूं नये. उपचाराच्या आशेनें आलेला मनुष्य आपण होऊन धडा व्हावयास आलेला नसतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. प्राझोसिन पुन्हां केव्हां द्यावें व केव्हां थांबवावें, याची एक मोठी खूण म्हणजे रोग्याचे हातपाय. ते गार आहेत तोंवर संकट टळलेलें नाहीं. ते ऊबदार झाले, कीं रोगी सांवरूं लागला. मोबाइलच्या काचेवर पाऊल दिसेल, त्याचा रंग दिसेल, खालीं 'गार' असा शब्दहि लिहिलेला असेल. गारठा मात्र तेथें हाताला लागणार नाहीं. तो ओळखावयाचा तर तळहात पावलावर ठेवला पाहिजे, आणि तासाभरानें पुन्हां ठेवला पाहिजे. बिरवाडींत जें ज्ञान निर्माण झालें तें अशा ठेवलेल्या हातांतून झालें.

तेव्हां मोबाइलवरच्या पाठाची कसोटी सोपी आहे. तो वाचून विद्यार्थी खाटेकडे गेला व काय पाहावयाचें हें मनांत घेऊन गेला, तर पाठ चांगला. खाटेकडे जाण्याची गरज उरली नाहीं असें त्याला वाटलें, तर तो कितीहि सुबक असो, टाकाऊ समजावा.

आरंभीं आपण ज्या तरुण डॉक्टराला आरोग्य केंद्रांत उभा सोडून आलों, त्यानें असा एक पाठ पूर्वीं सोडविला आहे असें समजूं. "उतरलें वाटतें" हें वाक्य त्यानें आधीं एकदां ऐकलेलें आहे, आणि त्यावर विश्वास ठेवण्याची चूकहि तो एकदां करून बसला आहे. म्हणून आज तो फसत नाहीं. तो मुलाला आडवें निजवितो, औषध देतो, आईला जवळ बसवितो, आणि स्वतः स्टूल ओढून घेऊन मुलाच्या पावलावर हात ठेवतो. मोबाइल तोंपर्यंत खिशांत गेलेला असतो. त्याचें काम झालेलें आहे. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.