हातोड्याच्या आधीचा हातोडा

आज सुरुवात भंगाराच्या दुकानातून करू. हसू नका. तिथे एखादं जुनं सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन पडलेलं असतं. टब फुटलेला असतो, पण कपडे धुणारी मोटर पुष्कळदा शाबूत असते. तिला पट्टा, पुली, दोन बेअरिंगं आणि त्यांत फिरणारा दांडा जोडायचा, दांड्याच्या टोकाला प्लायवूडची चकती बसवायची, चकतीवर पॉलिशपेपर चिकटवायचा. लाकूड घासायचं यंत्र तयार. पण चकती नेमकी गोल व्हायला लेथ लागतो, आणि लेथ असता तर आपण भंगारात कशाला आलो असतो?

स्पिनोझाच्या १६७७ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर, छापल्या गेलेल्या एका अपुऱ्या ग्रंथात हीच शंका येते. लोखंड घडवायला हातोडा हवा, हातोडा घडवायला दुसरा हातोडा हवा, त्याला तिसरा. आपले नैयायिक याला अनवस्था म्हणतात. मग लोखंड घडवणं अशक्यच ठरलं की! स्पिनोझा म्हणतो, तसं नाही. माणसाने आधी निसर्गाने दिलेल्या साधनांनी ओबडधोबड वस्तू केल्या, त्यांनी जरा बऱ्या केल्या, आणि असं करत करत तो पुढे गेला. हा माणूस स्वतः भिंगं घासायचा, हे इथे विसरू नका.

आपल्या चकतीचंही तेच. करवतीने जमेल तशी गोल कापा, दांड्यावर बसवून फिरवा, आणि भक्कम टेकूवर पटाशी धरून कडेला हळूच टेकवा. उंचवटे आपोआप निघतात. यंत्र स्वतःलाच गोल करून घेतं. अमेरिकेतल्या डेव्हिड जिंजरीने तर यावर पुस्तकांची मालिकाच लिहिली. आधी कोळशाची भट्टी, तिच्यात वितळवलेल्या भंगार अ‍ॅल्युमिनियमचा लेथ, आणि अर्धवट झालेल्या लेथवर त्याच लेथचे उरलेले भाग!

सपाट पृष्ठभागाची गोष्ट आणखी मजेची आहे. दोन पत्रे एकमेकांशी ताडून खरवडले तर एक खोलगट आणि दुसरा फुगीर होऊनही ते बेमालूम जुळतात. म्हणून तिसरा घ्यायचा आणि आळीपाळीने जोड्या लावायच्या. तिघेही परस्परांशी जुळले की मगच ते सपाट. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये व्हिटवर्थने हीच रीत रूढ केली. दोघांच्या एकमताला आपण फार किंमत देतो, बरं का.

आता सावधगिरी. लोखंडी सांगाड्याला अर्थिंग हवंच. कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही झटका उरलेला असू शकतो. आणि मोटर मोटर सारखी नसते. धुण्याची मोटर मिनिटाला सुमारे १४०० फेरे घेते. मिक्सरची, कार्बन ब्रशवाली, १८,००० च्या घरात जाते. १५० मिलिमीटरचा धार लावायचा दगड पहिलीवर बसवला तर त्याची कड सेकंदाला ११ मीटर धावते, दुसरीने पूर्ण वेग घेतला तर १४०. साधा दगड साधारण ३५ मीटरपर्यंतचा असतो. त्यापुढे तो फुटतो, आणि तुकडे समोर उभ्या माणसाकडे येतात.

मी नेमका मिक्सरच्याच मोटरवर दगड बसवला होता. बटण दाबलं, आवाज चढत गेला, आणि मी कौतुकाने बघत उभा. शेजारच्या फिटरने धावत येऊन प्लग उपटला. बोलला काही नाही. दगड थांबल्यावर त्याने त्यावरचा गोल कागद माझ्यापुढे धरला. किती फेऱ्यांपर्यंत चालवायचा, तो आकडा त्यावर छापलेला होता.