फोटो छान आहे, पण खरा आहे का?

मित्रमैत्रिणींनो, एक प्रश्न विचारू? समुद्रकिनाऱ्यावर एक मुलगी उभी आहे. केस वाऱ्यावर उडताहेत, अंगात नवाकोरा ड्रेस, चेहऱ्यावर मस्त हसू. ताईच्या मोबाईलवर असा फोटो दिसला, की तुमच्या मनात काय येतं? ‘काय मजा आहे बुवा हिची!’ हेच ना? पण ती मुलगी सुट्टीवर आलेलीच नसेल तर? तो किनारा म्हणजे तिची कामाची जागा असेल तर?

असं अनेकदा असतं बरं का! त्या मुलीचा व्यवसाय असतो फॅशन मॉडेलचा. कपडे, दागिने, चपला अंगावर घालून त्या लोकांना दाखवायच्या, हे तिचं काम. आणि हल्ली या कामाचा मोठा भाग इन्स्टाग्रामसारख्या समाजमाध्यमांवर चालतो.

अल्बम गेला, मोबाईल आला

पूर्वी मॉडेल व्हायचं, तर आधी फोटोग्राफरकडून फोटो काढून घ्यावे लागत. त्यांचा जाडजूड अल्बम करायचा. त्याला म्हणतात पोर्टफोलिओ. तो काखोटीला मारून एजन्सीच्या पायऱ्या झिजवायच्या! एजन्सी म्हणजे मॉडेलना काम मिळवून देणारी कंपनी. तिथल्या माणसाने अल्बम उघडलाच नाही, तर सगळी पायपीट फुकट.

२०१० साली इन्स्टाग्राम सुरू झालं आणि हा अल्बम हळूहळू मोबाईलमध्ये जाऊन बसला. आता घरबसल्या जगातला कुणीही तो बघू शकतो. त्याचा फायदा कसा होतो, ते विनी हार्लोकडे बघून कळतं. ती कॅनडातल्या टोरांटोची. लहानपणापासून तिच्या अंगावर कोडाचे पांढरे डाग आहेत. शाळेत मुलं तिला ‘झेब्रा’ म्हणून चिडवायची. अशा मुलीला मॉडेल म्हणून कोण घेणार, असंच कुणालाही वाटलं असतं. पण तिचे इन्स्टाग्रामवरचे फोटो टायरा बँक्स या प्रसिद्ध अमेरिकन मॉडेलने पाहिले आणि २०१४ साली विनी टीव्हीवरच्या मॉडेलिंगच्या स्पर्धेत उतरली. ती स्पर्धा तिने जिंकली नाही. पण नंतर ती जगातली नावाजलेली मॉडेल झाली. डाग न लपवता!

कामाचं पान कसं असतं?

ज्यांना हे काम नीट करायचं असतं, ते आपलं पान अगदी दुकानासारखं टापटीप ठेवतात. घरचे, मित्रांचे फोटो वेगळ्या खाजगी पानावर, कामाचे फोटो वेगळ्या पानावर. कामाच्या पानावर उंची आणि एजन्सीचं नाव असतं. घरचा पत्ता किंवा स्वतःचा फोन नंबर नसतो.

आणि गंमत सांगू? कपडे बनवणाऱ्या कंपन्यांना नटूनथटून काढलेल्या फोटोंइतकेच साधे फोटोही हवे असतात. मेकअप नाही, केस साधे बांधलेले, मागे कोरी भिंत, एक फोटो समोरून, एक बाजूने. कारण सोपं आहे. फोटोत कंबर बारीक केली आणि प्रत्यक्षात ड्रेस अंगात बसलाच नाही, तर काम तिथेच हातचं जाणार!

शिस्तही पाळावी लागते. नव्या कपड्यांचे फोटो कंपनीने जाहीर करायच्या आधी पानावर टाकायचे नाहीत. आणि आपण आत्ता कुठे आहोत, हे तिथे असताना सांगायचं नाही. तिथून निघाल्यावर सांगायचं. अनोळखी माणूस त्या जागी येऊन उभा राहू नये, म्हणून ही काळजी.

एसेनाने काय केलं?

आता या नाण्याची दुसरी बाजू. ऑस्ट्रेलियात एसेना ओनील नावाची मुलगी होती. अठराव्या वर्षीच तिचं पान सहा लाखांहून जास्त लोक बघायचे. ती मॉडेलिंग करायची, कंपन्या तिला फोटोंचे पैसे द्यायच्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, हिच्यासारखं सुखी कुणी नाही.

पण २०१५ च्या शेवटी तिने एक धाडस केलं. दोन हजारांवर फोटो पुसून टाकले. जे ठेवले, त्यांच्याखाली खरी हकीकत लिहिली. एका ड्रेसच्या फोटोखाली लिहिलं, की हा घालून फोटो टाकायचे मला चारशे डॉलर मिळाले होते. किनाऱ्यावरच्या एका फोटोखाली लिहिलं, की पोट सपाट दिसावं म्हणून असे शंभराहून जास्त फोटो काढले, त्या दिवशी धड जेवलेही नसेन, आणि मनासारखा फोटो येईपर्यंत धाकट्या बहिणीवर ओरडत राहिले असेन.

विचार करा हं! त्या एका फोटोमागे एक उपाशी मुलगी होती आणि रागावून घेणारी धाकटी बहीण होती. बघणाऱ्या लाखो मुलींना त्यातलं काहीच दिसलं नाही. त्यांनी फक्त आरशात स्वतःकडे बघितलं आणि त्या हिरमुसल्या. कशाशी तुलना केली त्यांनी? शंभरातून निवडलेल्या एका जाहिरातीशी!

एसेनाचं सगळ्यांना पटलं असं नाही. हेही प्रसिद्धीसाठीच, असं काही जण म्हणाले. पण तिने विचारलेला प्रश्न खोटा नव्हता: पैसे घेऊन टाकलेला फोटो लोकांना रोजच्या आयुष्यातला का वाटावा?

जाहिरात असेल तर तसं सांगा!

हा प्रश्न पुढे सरकारांनाही पडला. फ्रान्समध्ये २०१७ पासून नियम आहे, की जाहिरातीतल्या मॉडेलची अंगकाठी फोटोत बारीक किंवा जाड केली असेल, तर ‘फोटोत बदल केला आहे’ असं त्यावर छापायचं. नॉर्वेने असाच कायदा २०२२ पासून लागू केला, आणि तो समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींनाही लागू आहे.

आपल्याकडेही नियम आहेत. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन फोटो टाकला, तर ही जाहिरात आहे हे ठळकपणे लिहायलाच हवं. भारतातल्या जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये हे स्पष्ट केलं. फसवी जाहिरात केली तर दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पुन्हा पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत!

आईबाबा, हे तुमच्यासाठी

आपल्या मुलाला किंवा मुलीला या क्षेत्राची आवड असेल, तर नुसतं ‘नाही’ म्हणून प्रश्न सुटत नाही. काही गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. इन्स्टाग्रामचा स्वतःचा नियमच तेरा वर्षांखालच्या मुलांना खातं उघडू देत नाही. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून ही मर्यादा सोळा वर्षांवर नेली. जाहिरातीत काम करणाऱ्या बालकलाकारांसाठी आपल्या देशात २०१७ पासून नियम आहेत: दिवसात पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि कमाईतला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत.

‘तुमची मुलगी निवडली गेली आहे, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असा निरोप आला, तर सावध व्हा. चांगली एजन्सी काम मिळवून देते आणि मिळालेल्या मानधनातून आपला वाटा घेते. आणि मुलीला एकटीला कुणी भेटायला बोलावलं, तर तिने जायचंच नाही.

एक खेळ खेळूया

दोस्तांनो, आता तुमची पाळी! आज आईच्या, बाबांच्या किंवा ताईच्या मोबाईलवर, त्यांच्यासोबत बसून, कपड्यांचे दहा फोटो बघा. प्रत्येक फोटोला तीन प्रश्न विचारा. हा काढला कोणी? याचे पैसे कोणी दिले? जाहिरात आहे असं कुठे लिहिलंय का? वहीत उत्तरं मांडा आणि उद्या शाळेत मित्रांच्या उत्तरांशी ताडून बघा. बघू या, लपलेल्या जाहिराती सगळ्यांत जास्त कोणाला सापडतात ते!