बंगळूरची नामवंत उपाहारगृहे : एक तुलना

महानगरातील नामवंत उपाहारगृहांची तुलना करणे हे वरकरणी सोपे काम आहे. बैठकीचा थाट, वाढप्यांची अदब, पदार्थांची संख्या आणि शेवटी हाती येणारे बिल एवढे पाहिले की निकाल देता येतो, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु हे निकाल फार काळ टिकत नाहीत. आज ज्याचा गाजावाजा होतो, त्याचे नाव दहा वर्षांनी कोणास आठवतही नाही. म्हणून तुलनेस काही निराळे माप हवे.

असे माप बंगळूरच्या दक्षिणेस, सुमारे ३५ किलोमीटरांवरील आनेकल तालुक्याच्या शेतात सापडते. तेथील पारंपरिक पीक नाचणीचे; कन्नडात तिला रागी म्हणतात. सोळाव्या शतकातील संतकवी कनकदास यांनी आपल्या ‘रामधान्यचरिते’ या काव्यात भात आणि नाचणी यांचा तंटा वर्णिला आहे. श्रेष्ठ कोण, असा वाद रामापुढे आला, तेव्हा त्याने तत्काळ निवाडा दिला नाही. दोन्ही धान्ये सहा महिने बंदीत ठेवविली. मुदत संपली तेव्हा तांदूळ निस्तेज झाला होता, नाचणी मात्र जशीच्या तशी होती. राघवाने तिला मान दिला आणि आपले नावही दिले, अशी ती कथा आहे. प्रतिकूल काळातून जे सत्त्व राखून बाहेर येते ते श्रेष्ठ, हा तिचा मथितार्थ.

या कसोटीवर बंगळूरची तीन उपाहारगृहे लावून पाहण्यासारखी आहेत.

पहिले मावळ्ळी टिफिन रूम, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘एमटीआर’. उडुपीकडून आलेल्या मैया बंधूंनी १९२४ मध्ये त्याचा पाया घातला. त्याची परीक्षा टंचाईने घेतली. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ दुर्मिळ झाला, तेव्हा तेथे रव्याची इडली करण्यात आली. अडचणीतून जन्मलेला हा पदार्थ पुढे घरोघर पोहोचला. आणीबाणीत सरकारी आदेशाने दर उतरवावे लागले, तेव्हा दर्जा कमी करण्याऐवजी चालकांनी तोटा पत्करला, आणि पुढे तयार पिठांच्या व्यवसायाकडे मोर्चा वळविला. गिऱ्हाइकाने स्वयंपाकघरातून जावे आणि तेथील स्वच्छता डोळ्यांनी पाहावी, हा तेथील जुना प्रघातही याच वृत्तीचा द्योतक आहे.

दुसरे उदाहरण अगदी निराळ्या पंक्तीचे. बंगळूरात सामिष खानावळीस ‘मिलिटरी हॉटेल’ म्हणतात. जयनगरमधील १९३५ पासूनचे शिवाजी मिलिटरी हॉटेल हे त्यांपैकी एक. शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळूर होते, तेव्हापासून मराठी माणसे या भागात राहिली. अशा खानावळी चालविणाऱ्यांत मराठा कुटुंबांचा वाटा मोठा आहे. पळसाच्या किंवा तत्सम पानांच्या द्रोणात वाढल्या जाणाऱ्या बिर्याणीस येथे ‘दोन्ने बिर्याणी’ म्हणतात; दोन्ने म्हणजे आपला द्रोणच. या खानावळींची परीक्षा प्रतिष्ठेने घेतली. सुशिक्षितांच्या यादीत त्यांना दीर्घकाळ स्थान नव्हते. थाट नाही, गालिचा नाही, केवळ चव आणि भरपेट जेवण यांच्या बळावर त्या टिकून राहिल्या. नाचणीच्या उकडलेल्या गोळ्यास, म्हणजे ‘मुद्दे’स, शहराच्या पंक्तीत आसरा मिळाला तोही मुख्यतः अशाच ठिकाणी.

तिसरे ‘करावळी’. ताज समूहाच्या रेसिडेन्सी रोडवरील हॉटेलात ते १९९० मध्ये सुरू झाले. करावळी म्हणजे किनारपट्टी. श्रीमंती हॉटेलांतून विलायती आणि मोगलाई पदार्थांचे राज्य होते, त्या काळी गोवा, मंगळूर, केरळ येथील घराघरांतून पाककृती मिळवून त्या तशाच मांडण्याचे धाडस तेथे झाले. त्याची परीक्षा फॅशनने घेतली. बदलत्या आवडींच्या मागे न धावता घरच्या वाटणाची चव राखल्यानेच त्याची कीर्ती तीन दशकांहून अधिक काळ टिकली.

तिघांत उजवे कोण? निगुतीत एमटीआर, आपुलकीत मिलिटरी हॉटेल आणि अभ्यासूपणात करावळी, असे म्हणता येईल. तथापि तिघांचे मर्म एकच: कोणाच्या तरी घरचे अन्न त्यांनी विकाऊ मालाप्रमाणे पातळ होऊ दिले नाही.

या तुलनेत एक बाजू सहसा विसरली जाते, ती शेताची. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते नाममात्र. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि गरिबांचे म्हणून हिणवलेले हे धान्य उंची हॉटेलांच्या ताटांतही मानाने येऊ लागले. पण त्याच वेळी आनेकल तालुक्यात जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेले येथे कारखाने उभे राहिले असून नाचणीच्या जमिनींवर घरांचे भूखंड पडत आहेत. शहराच्या ताटात नाचणीचा मान वाढावा आणि शहराच्या वेशीवर तिचे शेत आटावे, हा विरोधाभास लहान नाही.

रामाच्या बंदिशाळेतून नाचणी सहीसलामत सुटली. शहराच्या विस्तारातून ती सुटते की नाही, हे अद्याप ठरावयाचे आहे. आणि तो निवाडा जेवणारांच्याही हाती आहे.